डोमाजींचा हिरवा ठिपका

१

मेलेला माणूस जेवणाच्या सुट्टीत कामाला बसला होता.

माझा भुताखेतांवर विश्वास नाही. आमच्या घरी आधीच इतकी गर्दी आहे की भुताने राहायचं म्हटलं तरी जागा नाही. पण संगणकाच्या पडद्यावर जे दिसत होतं ते दिसत होतं. नाव, डोमाजी. नावाशेजारी हिरवा ठिपका, म्हणजे माणूस आत्ता या क्षणी आत आहे. आणि डोमाजी फिटर तर मागच्या उन्हाळ्यात छातीत कळ येऊन गेलेले. खाली कारखान्यात त्यांचा फोटो होता, फोटोला चंदनी हार होता, आणि त्यांच्या खुर्चीवर अजून कोणी बसत नव्हतं.

आमची कंपनी अमरावतीच्या एमआयडीसीत डाळ मिलला लागणारे ड्रायर बनवायची. ड्रायर म्हणजे ओली तूर सुकवणारं खोलीएवढं यंत्र. एका अंगाला डिझेलचा बर्नर, दुसऱ्या अंगाला गरम हवा ओढणारा पंखा, मध्ये लोखंडी दार. मी नुकतीच लागले होते. मिलवाल्यांचे फोन घ्यायचे आणि बिघाड झाला तर काय करायचं ते सांगायचं, हे माझं काम. फक्त मला त्यातलं ओ की ठो येत नव्हतं.

"उज्मा, आधी ज्ञानपेटी वाच," सर्व्हिस मॅनेजर ओमप्रकाश सर म्हणाले होते. "समदं त्यातच हाये."

ज्ञानपेटी म्हणजे कंपनीची इंटरनेटवरची माहितीची जागा. कुठला आवाज आला तर काय बिघडलं, कुठला नट आधी सोडायचा, सगळे लेख तिथे. मिलमधला कोणीही माणूस मोबाईलवर उघडून वाचू शकायचा. पहिल्या दिवशी मी शोधाच्या चौकटीत "मदत" असं टाकलं. पेटी म्हणाली, काही सापडलं नाही. चांगली सुरुवात. मग "तापमान नियंत्रण" टाकलं. तेही नाही. शेवटी चिडून "जळका वास" टाकलं, तर भराभर लेख आले, सगळे डोमाजींचे. मिलमधला माणूस ज्या शब्दांत तक्रार करील तेच शब्द त्यांनी लेखांना दिले होते. घुर्र आवाज. पट्टा पळते. धूर डोयात जाते.

वाचता वाचता म्हाताऱ्याचा मला लळाच लागला. प्रत्येक लेखात ते समोर बसून बोलल्यासारखे बोलायचे. "घाई करू नको बाप्पा, दम घे." "पोटात भूक असन तर मशीनले हात लावू नको." एका लेखाचा शेवट होता, "काम झालं का मशीन वाढवून, हात धुऊन घरी जा." मशीन वाढवून? मशीन काय वेल आहे? टायपिंगची चूक असेल म्हणून मी हसून पुढे गेले.

त्या दिवशी सकाळी अकोल्याहून फोन आला आणि हसणं संपलं. तिथल्या एका मिलमध्ये आदल्या दिवशी आमच्याच ड्रायरच्या दारातून आगीचा लोळ बाहेर आला होता. रामराव नावाचे जुने ऑपरेटर जागीच गेले. त्यांच्या हाताखालचा शिवम पोलिसांच्या ताब्यात होता.

जेवणाच्या सुट्टीत सगळे डबे घेऊन खाली गेले. मी एकटीच वर थांबले आणि त्या बिघाडाचा लेख शोधला. तिथपर्यंत माझं वाचन पोचलंच नव्हतं. "हवा कमी झाली तर." लेखक डोमाजी. आणि नावाशेजारी तो हिरवा ठिपका.

मी पडद्याकडे बघतच राहिले. छताचे पत्रे उन्हाने कडकड वाजत होते. थोड्या वेळाने पान आपोआप ताजं झालं आणि लेखाखाली नवी ओळ उमटली.

शेवटचा बदल, डोमाजी. आज.

मग ठिपका विझला.

२

दुपारनंतर ओमप्रकाश सरांनी सगळ्यांना बोलावलं. त्यांच्या हातात त्याच लेखाचा छापील कागद होता.

"पाहून घ्या," ते म्हणाले. "हवा कमी झाली का आधी बर्नर बंद करा. दम घ्या. मंग दार उघडा. साफ लेयलं हाये. अन् त्या पोट्ट्यानं काय केलं? बर्नर मोठा केला. हवा कमी अन् आग मोठी, मंग दार उघडलं का लोळ बाहेरच येते. आपली चूक नाही. मी हे अकोल्याले पाठवून राहिलो."

नव्या माणसाने पहिल्याच आठवड्यात "सर, हा लेख आज दुपारी एका मेलेल्या माणसाने बदलला" असं सांगितलं, तर दुसरा आठवडा येत नाही.

संध्याकाळी फाटकाबाहेर एक मुलगी उभी होती. उन्हाने रापलेला चेहरा, पायात धुळीने भरलेल्या चपला. बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला ती अडवत होती आणि प्रत्येक जण घड्याळ बघत निघून जात होता. मला घड्याळ नव्हतं.

"ताई, मी आचल. शिवमची बहीण. नांदगाव खंडेश्वरहून आली," ती म्हणाली. "माह्या भावाले खुनी म्हणून राहिले हो. त्या दिवशी सकायी रामरावकाका त्याले रागावले होते, मोबाईल काहून पाहते म्हणून. तर पोलिस म्हणते, त्याचा डाव धरला अन् मुद्दाम आग मोठी केली."

"तो काय म्हणतो?"

"तो म्हणते, मी लेयलं होतं तेच केलं. मोबाईलमध्ये लेयलं होतं, बर्नर वाढवा. त्यानं जोरात वाचूनही दाखवलं काकाले. पण मोबाईल जयून गेला त्या आगीत."

"बर्नर वाढवा?"

"हो. अस्संच." तिने माझा हात धरला. "दोन वर्षं वावरात तूर झाली नाही म्हणून तो अकोल्याले गेला. तिकडं मिलमध्येही अर्धेच दिवस काम. तरी रडला नाही कधी. काल भेटले तर रडून राहिला होता. मले म्हणे, आचल, मी वाचाले चुकलो का वं? मले वाचता येते ना?"

रात्रभर ते वाक्य माझ्या डोक्यात फिरत राहिलं. शिवम खरं बोलत असेल तर डोमाजींसारख्या जाणत्या फिटरने "बर्नर वाढवा" असं जीवघेणं लिहिलंच कसं? आणि त्याहून विचित्र म्हणजे, रामराव शेजारी उभे होते. शिवमने मोठ्याने वाचलेलं त्यांनी ऐकलं. उभा जन्म ड्रायरपाशी गेलेला माणूस, आग मोठी केलेली असताना आपल्या हाताने दार उघडतो?

पोरगा मुद्दाम करील एक वेळ. पण रामराव?

३

दुसऱ्या दिवशी मी आधी मोहसीनभाईंना गाठलं. कंपनीचे सगळे संगणक ते सांभाळायचे. गड्याचं डोकं तेज, पण त्या दिवशी ज्ञानपेटीचं नाव काढल्याबरोबर त्यांचा चेहरा पडला.

"लेखाचं जुनं रूप पाहायचं आहे. आधी काय लिहिलं होतं ते."

"नाही दिसत," ते म्हणाले. "पहिले दिसे. पण तूर गेली, मिला बसल्या, मशीन खपेना. साहेबानं पेटीचा सस्तावाला प्लॅन घेतला. आता नवं लेयलं का जुनं गेलं."

"डोमाजींचं खातं अजून चालू कसं?"

मोहसीनभाईंनी आवाज खाली आणला. "तूही पाह्यला ना ठिपका? रोज दुपारी लागते. जेवणाच्या सुट्टीत. मी एकदा खातं काढून टाकाले गेलो होतो, पण बोट उचललंच नाही. मंग म्हटलं जाऊ दे, कोणाले तरास तर देत नाही. मी दुपारी तिकडं पाहतच नाही."

"तुम्ही स्वतःच तर लेख बदलला नाही ना?"

"मले बदलायचा असता तर नाव काहून येऊ दिलं असतं? मी आतून काही केलं तर कोणाचंच नाव उमटत नाही." ते रागावले नाहीत, उलट मलाच समजावू लागले. "उज्मा, तू नवीन हायेस. या भानगडीत पडू नको."

ओमप्रकाश सर एका बोटाने टाइप करायचे आणि प्रत्येक अक्षरासाठी चष्मा वर-खाली करायचे. कंपनी वाचावी म्हणून हा माणूस वाटेल ते करील, असं मला वाटत होतं. मी साळसूदपणे विचारलं, "सर, तो लेख तुम्ही आधी कधी वाचला होता?"

"मी कायले वाचू? डोमाजीनं लेयलं म्हणजे बरोबरच असन. काल जेवण झाल्यावर उघडला, अन् पाह्य, बरोबरच निंघाला."

जेवण झाल्यावर. म्हणजे बदल झाल्यानंतर.

राहिली शालूताई. सुटे भाग ठेवायचं स्टोअर तिच्याकडे होतं. ती डोमाजींची मुलगी. ते गेल्यावर कंपनीने तिला कामावर घेतलं होतं. कमी बोलायची, डबाही स्टोअरमध्येच खायची. टेबलावर डोमाजींचा चष्मा घडी घालून ठेवलेला असायचा. मी गेले तेव्हा ती बेअरिंगचे डबे लावत होती.

"थांब उज्मा, स्टोअर वाढवून येते, मंग चहा पिऊ," ती म्हणाली. तिने कडी घातली, कुलूप लावलं, आणि आम्ही पायरीवर बसलो. काही विचारायच्या आधी तिनेच विचारलं, "तो अकोल्याचा पोट्टा सुटन का गं?"

"सांगता येत नाही."

तिचा चहा बशीतच राहिला. त्यावर साय धरली तरी तिने उचलला नाही.

जेवणाची सुट्टी झाली तशी मी मोबाईलवर ज्ञानपेटी उघडून खाली कारखान्यात गेले. यंत्रं थांबली होती. चाचणीसाठी उभा केलेला रिकामा ड्रायर दार उघडं टाकून उभा होता आणि आत मिट्ट काळोख. बाहेर उन्हाचा वणवा, पण डोमाजींच्या बाकापाशी मला गार वाटलं. खुर्चीच्या पाठीवर त्यांचा पंचा तसाच होता. मी हात लावला तर खुर्ची करकरली.

त्याच क्षणी हातातल्या मोबाईलवर हिरवा ठिपका लागला.

डोमाजी आले होते.

४

मी तिथून पळाले, हे कबूल करते. विश्वास नसलेल्या गोष्टींपासून पळायला काही हरकत नसते.

पण पळून शिवम सुटणार नव्हता. सुट्टीच्या दिवशी आचल आणि मी एसटीने अकोल्याला गेलो. मूर्तिजापूर मागे पडेपर्यंत दोन्ही बाजूंना काळी, भेगाळलेली वावरं होती, आणि आचल खिडकीतून त्यांच्याकडेच बघत होती.

रामरावांची बायको जमुनाकाकू. त्याच मिलमध्ये डाळ निवडायच्या. अपघात झाला तेव्हा त्या समोरच बसल्या होत्या. पोलिसांनी त्यांचं म्हणणं ऐकून घेतलं होतं आणि सोडून दिलं होतं.

आचल बाहेर ओट्यावरच थांबली. आत यायची तिची हिंमत झाली नाही. काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. हात उघडे, नजर कुठेच नाही. मी कंपनीतून आले म्हटल्यावर त्यांनी एकदाच वर पाहिलं.

"काकू, त्या वेळी नेमकं काय झालं?"

"पंखा कमी हवा ओढून राहिला होता," त्या म्हणाल्या. "त्या शिवम्यानं मोबाईलमध्ये पाहून जोरात वाचलं. बर्नर वाढवा, दम घ्या, मंग दार उघडा. हे म्हणाले, 'हो हो, वाढव.' मंग जरासे थांबले. अन् दार उघडलं."

शिवम खरं बोलत होता. लेखात "वाढवा" हाच शब्द होता, आणि रामरावांनी त्याला होकारही दिला होता.

"हे तुम्ही पोलिसांना सांगितलं?"

"सांगतलं ना. ते म्हणते, बाई, तुमी शुद्धीवर नाही. आग वाढव म्हणून कोणी सोताच दार उघडते का?" त्यांचा आवाज चिरका झाला. "मले तर त्याईचंच बोलणं समजत नाही. काहून नाही उघडणार? वाढव म्हटलं, मंगच उघडलं ना!"

मला वाटलं, पोलिसांचं बरोबर असेल. दुःखाने बाईचं डोकं फिरलं आहे.

तेवढ्यात ओट्यावरून आचलचा हुंदका ऐकू आला. काकूंनी दाराकडे पाहिलं.

"कोण हाये? त्याची बहीण ना? आयक वं बाई!" त्या ओरडल्या. "तुह्या भावानं माहा घात केला. यायनं सांगतलं होतं त्याले, वाढव म्हणून. पण त्यानं वाढवलाच नाही! वाढवला असता, तर माहा माणूस आज जिता असता!"

५

कोपऱ्यात पंखा फिरत होता आणि त्याच्या वाऱ्याने काकूंच्या पदराचं टोक हलत होतं.

वाढवलाच नाही? शिवमने तर वाढवला होता. सगळा खटलाच त्यावर उभा होता.

काकू आता स्वतःशीच बोलत होत्या. रिकाम्या मनगटावरून हात फिरवत म्हणाल्या, "त्या दिवशी सकायीच भाकर थापता थापता माही बांगडी वाढवली. तवाच मनात पाल चुकचुकली होती."

"बांगडी काय झाली, काकू?"

"वाढवली."

"म्हणजे फुटली?"

"फुटली नाही म्हणू मायबाई," त्या दचकून म्हणाल्या. अशा अवस्थेतही त्यांनी मला दटावलं. "बांगडीले फुटली म्हणत नाही. दिव्याले इझवला म्हणत नाही. वाढवला म्हणाव. शुभ बोलाव."

मी उठून उभी राहिले, आणि एकेक गोष्ट जागेवर बसू लागली.

माझे अब्बू, अब्दुल गफ्फार, अमरावतीच्या इतवारा बाजारात कुलपं-किल्ल्या दुरुस्त करतात. रोज संध्याकाळी त्यांचा फोन येतो, "दुकान बढ़ा के आ रहा हूँ." म्हणजे दुकान बंद करून निघालो. जन्मभर ऐकत आले, पण कधी कान देऊन ऐकलं नाही. काम झालं का मशीन वाढवून घरी जा. ती टायपिंगची चूक नव्हती. मशीन बंद करून घरी जा, असं म्हातारा सांगत होता.

बर्नर वाढवा. डोमाजींना म्हणायचं होतं, बर्नर बंद करा. पण आगीला अशुभ बोलायचं नाही म्हणून शुभ शब्द वापरला होता. त्यांच्या वयाचे ऑपरेटर तो वाचायचे आणि बरोबर समजायचे. रामराव तसंच समजले. "हो हो, वाढव," म्हणजे कर बंद. आणि शिवमची पिढी आवाज वाढवते, स्पीड वाढवते. त्याने वाढवा वाचलं आणि बर्नर मोठा केला. एकाच वाक्याचे दोघांनी दोन अर्थ घेतले. आग बंद झाली असं समजून रामराव दार उघडायला गेले.

कोणी कोणाला मारलं नव्हतं. मी काकूंच्या शेजारी बसून त्यांना हे सगळं सावकाश सांगितलं. त्यांनी ते दोनदा माझ्याकडून म्हणवून घेतलं. मग त्या उठल्या, ओट्यावर गेल्या आणि आचलच्या डोक्यावर हात ठेवून रडल्या. मी दुसरीकडे बघत उभी राहिले, कारण मलाही रडू येत होतं.

पण पोलिसांना मी सांगणार काय? लेखात तर आज "बंद करा" असंच होतं. परतीच्या गाडीत मी मोबाईलवर ज्ञानपेटी उघडली. आता मला शोधता येत होतं. डोमाजींच्या सगळ्या लेखांत "वाढवा" शोधलं. पंखा वाढवा, पंप वाढवा, मशीन वाढवा. ढीगभर सापडले. मग "बंद" शोधलं.

एकच लेख आला. "हवा कमी झाली तर."

जन्मभर "बंद" न म्हटलेला माणूस मेल्यावर एकदाच तो शब्द बोलला होता. आणि त्याच्या तोंडी तो कोणी घातला, हेही आता मला समजलं होतं. ते समजलं नसतं तर बरं झालं असतं.

६

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी स्टोअरचं दार लोटलं. शालूताई संगणकासमोर होती. डबा उघडाच नव्हता. डोळ्यांवर डोमाजींचा चष्मा होता आणि पडद्यावर त्यांचं नाव.

हिरवा ठिपका लागलेला होता.

"शालूताई," मी म्हणाले, "लेख ज्याने बदलला त्याला एक गोष्ट माहीत होती. वाढवा म्हणजे बंद करा. ओमप्रकाश सरांनी तो लेख तोवर वाचलाही नव्हता. मोहसीनभाईंना बदलायचा असता तर डोमाजींचं नाव उमटू दिलं नसतं. बदलणाऱ्याकडे डोमाजींचं खातं होतं आणि डोमाजींची भाषा होती. तू स्टोअर वाढवून येतेस ना, चहा प्यायला?"

तिने चष्मा काढला. नाही म्हटलं नाही.

"बाबाले टाइप कराले येत नव्हतं," ती म्हणाली. "घरी बसून ते सांगत, मी टाइप करू. म्हणून मी रोज इथं येऊन वाचते. वाचलं का त्यायचा आवाज येते. तेवढ्यासाठीच ठिपका लागते गं. मले काय माहीत, तो तुमाले दिसते."

"आणि हा लेख?"

"मी तवाच म्हटलं होतं, बाबा, बंद करा असं लेयू का? ते म्हणाले, आगीले बंद म्हणत नाही लेकी, वाढवा लेय. मी लेयलं." तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं आणि आवाजही हलत नव्हता. "अकोल्याची बातमी आली तवा पहिला इचार आला, अजून कोणी जयाले नको. म्हणून बदललं. मंग समजलं, आता बाबाचं नावही वाचलं. अन् मंग समजलं, त्या पोट्ट्याजवळ काहीच राहिलं नाही. तवापासून जेवण जात नाही मले."

"तू सांगितल्याशिवाय तो सुटणार नाही, ताई."

"मी सांगतलं तर खालचा फोटो काढतीन. माणूस मारणारा फिटर म्हणतीन माह्या बापाले."

एका बाजूला गेलेला माणूस आणि त्याचं नाव, दुसऱ्या बाजूला कोठडीत बसून "मला वाचता येतं ना" असं विचारणारा जिता पोरगा. निवाडा तिचा होता.

मग तिने डबा पिशवीत भरला आणि म्हणाली, "चाल. आज जाऊ. उद्या माही हिंमत होणार नाही."

ओमप्रकाश सर आडवे आले. "शालू, डोमाजीचं नाव जाईन. कंपनीचंही जाईन."

"कंपनीनं लेख वाचला असता एकदा तरी, तर ही वेळ आली नसती, सर," ती म्हणाली. तिला इतकं मोठ्याने बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं. सर बाजूला झाले.

वाटेतून फोन करून मी आचल आणि जमुनाकाकूंनाही बोलावून घेतलं, आणि अकोल्याच्या ठाण्यात शालूताईने सगळं सांगितलं. मी लेख दाखवले, ढीगभर "वाढवा" आणि एकटा "बंद". फौजदारांना खरं वाटेना. तेव्हा जमुनाकाकू पुढे झाल्या. त्यांनी खिडकीबाहेर बोट दाखवलं. समोरचा किराणावाला म्हातारा फळ्या लावत होता. "त्याले इचारा, काय करून राहिला," काकू म्हणाल्या. शिपायाने हाक मारून विचारलं. म्हातारा तिथूनच ओरडला, "दुकान वाढवून राहिलो, साहेब!"

शिवम सुटला. बाहेर आला तेव्हा आचलने त्याचा हात सोडलाच नाही. शालूताई मात्र भिंतीशी उभी होती, मान खाली घालून. जमुनाकाकू तिच्याजवळ गेल्या.

"मान वर कर पोरी," काकू म्हणाल्या. "तुह्या बापानं वाईट नाही लेयलं. शुभच लेयलं होतं."

तेव्हा कुठे शालूताई रडली.

आता प्रत्येक लेख आम्ही दोघी मिळून वाचतो. मी नव्या माणसासारखी वाचते, ती डोमाजींसारखी. दोघींना सारखाच अर्थ लागला तरच तो ज्ञानपेटीत जातो. फोटो कोणी काढला नाही. हार मात्र ओमप्रकाश सरांनी स्वतः बदलला.

सगळे लेख वाचून झाले त्या दुपारी मोहसीनभाई स्टोअरमध्ये आले. डोमाजींचं खातं आता ठेवता येणार नव्हतं. ते संगणकासमोर बसले, बोट बटणावर ठेवलं, आणि शालूताईकडे न बघता म्हणाले, "करू का मंग बंद?"

शालूताईने पदराने चष्मा पुसला आणि डोळ्यांवर चढवला. पडद्यावरच्या नावाकडे, नावाशेजारच्या हिरव्या ठिपक्याकडे तिने एकदा डोळे भरून पाहिलं.

"बंद नाही म्हणू, मोहसीनभाई," ती म्हणाली. "वाढवा."